आठवण कोणाला, किंमत कोणाची: कालप्रवासाच्या आणि पूर्वजन्मीच्या प्रेमकथा

कौशांबीच्या एका धनाढ्य शेठजींची मुलगी तरंगवती उद्यानात जाते, तळ्यातली चक्रवाकांची जोडी बघते आणि बेशुद्ध पडते. शुद्धीवर येते तेव्हा तिला मागचा जन्म आठवत असतो. त्या जन्मी ती गंगेकाठची चक्रवाकी होती. शिकाऱ्याने हत्तीवर सोडलेला बाण तिच्या जोडीदाराला लागला. पश्चात्ताप झालेल्या शिकाऱ्याने त्याला अग्नी दिला आणि तिने त्याच चितेत उडी घेतली. तोही आता माणूस होऊन जन्मला असेल तर त्याला शोधायचे कसे? तरंगवती ती सगळी हकिगत चित्रांत रंगवते आणि कौमुदी महोत्सवाच्या रात्री, सारे शहर रस्त्यावर लोटलेले असताना, ती चित्रे लोकांसमोर मांडते. चित्रांपाशी उभ्या राहिलेल्या सखीला तिने एकच काम सांगितलेले असते: बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर लक्ष ठेव. एक तरुण ती चित्रे पाहतो आणि जागीच कोसळतो.

ही कथा पादलिप्त या जैन आचार्यांच्या ‘तरंगवती’ या प्राकृत ग्रंथातली. ग्रंथ इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला. जैन परंपरा त्याच्या कर्त्याचा संबंध प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन दरबाराशी जोडते. मूळ ग्रंथ हरवला. नंतरच्या काळात झालेला ‘तरंगलोला’ हा संक्षेप तेवढा उरला आणि १९२१ मध्ये एर्न्स्ट लॉयमान या पंडितांनी तो जर्मन भाषेत नेला. आज जगभरच्या पुस्तकांच्या दुकानांत जन्मोजन्मीच्या जोडीदारांच्या ज्या कादंबऱ्या मांडलेल्या असतात, त्यांची बहुतेक सामग्री या एका कथेत आहे. अकाली तुटलेली जोडी, एकाएकी जागी झालेली स्मृती, ओळख पटवणारी खूण, घरच्यांचा नकार, रातोरात पळून जाणे, सगळे काही. वाटेत या दोघांना पकडणाऱ्या आणि मग स्वतःच सोडवणाऱ्या चोराचीही ओळख शेवटी पटते: मागच्या जन्मी बाण सोडणारा शिकारी तोच.

प्रस्तुत पुस्तक अशा कथांच्या वाचनाविषयी आहे. त्यांचा वाचकवर्ग अफाट आहे, पण टीकेने त्यांच्याकडे बहुधा दुपार घालवण्याचे साधन म्हणूनच पाहिले. या पुस्तकाची भूमिका वेगळी आहे. प्रेम काळापलीकडे टिकते असे म्हणणे सोपे असते. ते टिकवण्याचे काम कथेत कोणीतरी करत असते. म्हणून या संग्रहातले लेख प्रत्येक कादंबरीला दोन प्रश्न विचारतात. आठवते कोणाला? आणि त्या आठवणीची किंमत कोण मोजते?

नव्या वाचकाने आधी या प्रांतातल्या तीन वाटा ओळखून ठेवाव्यात. पहिली कालप्रवासाची: माणूस तोच, देह तोच, काळ मात्र दुसरा. दुसरी जन्मांतराची: जीव तोच, देह नवा. तिसरी या दोहोंच्या मधली: देह आजच्या घरात, पण मन कोणाच्या तरी जुन्या आयुष्यात शिरलेले, कधी संमोहनाने, कधी एखाद्या वास्तूच्या ओढीने, कधी रक्तातून उतरलेल्या स्मृतीने. तिन्ही वाटांवर प्रेमाची कसोटी निराळी असते. कालप्रवासात प्रश्न असतो राहायचे की परतायचे हा. तिथे निवड करावी लागते आणि निवडीबरोबर एक अख्खे जग सोडावे लागते. जन्मांतरात प्रश्न असतो ओळख पटेल का हा. तिथे निवड आधीच होऊन गेलेली असते, आणि म्हणूनच तिथे जबरदस्तीचा धोकाही जास्त असतो. तिसऱ्या वाटेवर, आठवते ते खरे की मनाचे खेळ, ही शंका शेवटपर्यंत साथ सोडत नाही.

भारतीय परंपरेत या वाटा फार जुन्या आहेत. भागवत पुराणातला राजा ककुद्मी आपल्या रेवती या मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मदेवाच्या सभेत जातो. तिथे गाणे चालू असते म्हणून क्षणभर थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात. मनात धरलेले सगळे वर, त्यांची मुले-नातवंडे, त्यांची कुळेसुद्धा नाहीशी झालेली असतात. रेवतीचे लग्न मग बलरामाशी होते. निखळ कालप्रवासातून जुळलेल्या लग्नाची ही गोष्ट. युगे ओलांडून आलेल्या त्या मुलीला काय वाटले, हे पुराण सांगत नाही. ‘योगवासिष्ठा’तल्या लीला राणीचे तसे नाही. पती गेल्यावर त्याचा जीव याच महालात राहावा असा वर तिने सरस्वतीकडून आधीच मागून घेतलेला असतो. मग ती देवीबरोबर त्याच्या पुढच्या आणि मागच्या जन्मांत शिरते. तिला कळते, की आपण दोघे आदल्या जन्मी वसिष्ठ आणि अरुंधती नावाचे ब्राह्मण दांपत्य होतो आणि त्या घरी मरणाला अवघे आठ दिवस झाले आहेत; इकडे मात्र राजाराणीचे सगळे आयुष्य होऊन गेले आहे. काळाची अशी घडी घालणारी कथा आजच्या कोणत्याही विज्ञानकथाकाराला हेवा वाटावा अशी आहे.

पण या परंपरेतला सर्वांत गुंतागुंतीचा ग्रंथ म्हणजे बाणभट्टाची ‘कादंबरी’. सातव्या शतकात बाणाने तो लिहायला घेतला आणि त्याच्या मृत्यूनंतर मुलगा भूषणभट्टाने पूर्ण केला. पुढे मराठीने ‘नॉव्हेल’ या साहित्यप्रकाराचे नावच त्यावरून घेतले. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक पोपट येतो आणि गोष्ट सांगू लागतो. गोष्टीत गोष्ट उलगडत जाते. पुंडरीक या तपस्वी तरुणाचा महाश्वेतेच्या विरहात मृत्यू होतो आणि ती अच्छोद सरोवराकाठी त्याची वाट पाहत व्रतस्थ राहते. पुंडरीक वैशंपायन म्हणून पुन्हा जन्मतो, त्या सरोवराकाठी येतो, काही न आठवता तिच्याकडे ओढला जातो आणि तिच्यामागे लागतो. ती त्याला ओळखत नाही. एक परका पुरुष लगट करतो आहे एवढेच तिला दिसते आणि ती त्याला शाप देते. तोच हा पोपट. जन्मांतराच्या प्रेमकथेतला हा सर्वांत धीट प्रसंग म्हणावा लागेल. ओढ खरी असली तरी नकार द्यायचा हक्क तिच्याकडेच राहतो, आणि तिने ज्याची वाट पाहिली त्यालाच ती स्वतःच्या तोंडाने दूर लोटते. शिवाय एक गोष्ट नजरेत भरते. पुरुष मरतात, जन्मतात, विसरतात. महाश्वेता आणि ग्रंथाची नायिका कादंबरी मात्र त्याच देहात, सगळे लक्षात ठेवून, थांबून राहतात.

पूर्वजन्म नेहमी प्रेमासाठीच वापरला गेला असे नाही. महाभारतातली अंबा पुढचा जन्म घेते ती भीष्माचा सूड घेण्यासाठी. आठव्या शतकातल्या हरिभद्राच्या ‘समराइच्चकहा’त दोन जीवांचे वैर नऊ जन्म चालते. मराठी घरांत ज्याला ऋणानुबंध म्हणतात त्यात सावकार, शेजारी, गायीगुरे सगळेच येतात. नवराबायको हा त्यातला एक धागा. आणि तो धागाही सारखा विणलेला नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून सात जन्म हाच पती मागायचा असतो तो बायकोने. नवऱ्यासाठी तसे व्रत नाही. या कादंबऱ्या वाचताना मराठी वाचक हे सगळे सामान बरोबर घेऊन येतो आणि ते त्याच्या उपयोगाचेच आहे.

पश्चिमेत ही गोष्ट वेगळ्या रस्त्याने आली. प्लेटोच्या ‘सिम्पोजियम’मध्ये ॲरिस्टोफेनिस सांगतो, की माणसे मुळात जोडदेही होती, देवांनी ती चिरली आणि तेव्हापासून प्रत्येक जण आपला दुसरा अर्धा भाग शोधतो आहे. पण ख्रिस्ती जगात पुनर्जन्माला जागा नव्हती. त्यामुळे हा शोध एकाच आयुष्यात संपवावा लागे. एकोणिसाव्या शतकात ही चौकट सैल झाली. इजिप्त आणि पाँपेई इथली उत्खनने लोकांच्या कल्पनेत शिरली. तेओफिल गोतिए यांच्या १८५२ च्या ‘आरिया मार्सेला’ या कथेत एक तरुण पाँपेईच्या राखेत उमटलेल्या स्त्रीदेहाचा ठसा बघतो आणि त्या रात्री जिवंत पाँपेईत तिला भेटतो. दुसरीकडून भारतीय विचार पोहोचत होता. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली थिऑसॉफिकल सोसायटी १८७९ मध्ये मुंबईत आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ हे तिचे मासिक मुंबईतून निघू लागले. कर्म आणि पुनर्जन्म हे विषय इंग्रजी दिवाणखान्यांत पोहोचवण्यात या चळवळीचा हात मोठा आहे.

या देवघेवीत पुण्याचाही एक धागा आहे. ‘द लाइट ऑफ एशिया’ हे बुद्धचरित्र लिहिणारे एडविन आर्नल्ड पुढे डेक्कन कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याच्या कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचा मुलगा एडविन लेस्टर आर्नल्ड याचे बालपण भारतात गेले. १८९० मध्ये त्याने ‘फ्रा द फिनिशियन’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक रोमन काळातल्या ब्रिटनमध्ये झोपी जातो आणि शतकाशतकांनी जागा होतो. प्रत्येक काळात त्याच्या मृत पत्नीचा आत्मा त्याच्या पाठीशी असतो. त्याआधी तीनच वर्षे रायडर हॅगर्ड यांची ‘शी’ पुस्तकरूपाने आली होती. तिच्यातली आयेशा आपणच मारलेल्या प्रियकराच्या पुनर्जन्माची दोन हजार वर्षे वाट पाहते. इथेही थांबणारी बाईच. फरक इतकाच, की हिच्या हातात सत्ता आहे आणि म्हणून हिच्या थांबण्याची लोकांना भीती वाटते. त्याच सुमाराला एडवर्ड बेलमी यांच्या ‘लुकिंग बॅकवर्ड’ (१८८८) मधला नायक १८८७ साली झोपून २००० साली उठतो आणि ज्या मुलीच्या प्रेमात पडतो, ती त्याच्या वाग्दत्त वधूची पणती निघते.

मार्क ट्वेन यांनी १८८९ मध्ये यंत्रयुगातला अमेरिकन राजा आर्थरच्या काळात पाठवला तो मुख्यतः सरंजामशाहीची चिरफाड करायला. पण पुस्तक संपते ते सँडी या तेराशे वर्षांपूर्वीच्या बायकोला हाका मारणाऱ्या मरणासन्न माणसावर. कालप्रवासातले सर्वांत मोठे दुःख तंत्राचे नसते, विरहाचे असते, हे तिथे पहिल्यांदा ठसठशीत दिसले. पुढे जॉन बॉल्डरस्टन या नाटककाराने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. १९२६ च्या त्याच्या ‘बर्कली स्क्वेअर’ नाटकात विसाव्या शतकातला तरुण अठराव्या शतकात जाऊन प्रेमात पडतो आणि परत येतो. १९३२ च्या ‘द ममी’ या चित्रपटाची पटकथाही त्याचीच. तिथे इम्होटेप हजारो वर्षांनी आपली राजकन्या नव्या देहात शोधून काढतो. तिला सगळे आठवतेही. तरीही ती त्याला नाकारते, कारण तिला हे, आत्ताचे आयुष्य जगायचे असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रकार खऱ्या अर्थाने कादंबरीचा झाला. जॅक फिनी यांच्या ‘टाइम अँड अगेन’ (१९७०) मध्ये यंत्र नाहीच. नायक जुन्या न्यूयॉर्कचे कपडे घालून, जुनी वर्तमानपत्रे वाचत एका जुन्या इमारतीत राहतो आणि मनाची पुरती तयारी झाल्यावर १८८२ मध्ये पाऊल टाकतो. पुस्तकात त्या काळची छायाचित्रे आणि रेखाटने आहेत. जुने शहर हीच तिथली पहिली प्रेयसी. रिचर्ड मॅथसन यांना नेवाडातल्या एका नाट्यगृहात मॉड ॲडम्स या अभिनेत्रीचे छायाचित्र दिसले आणि त्यातून ‘बिड टाइम रिटर्न’ (१९७५) सुचली. मेंदूत गाठ झालेला, मरणाच्या दारात उभा असलेला लेखक हॉटेलातल्या जुन्या छायाचित्रातल्या नटीच्या प्रेमात पडतो आणि इच्छाशक्तीने १८९६ मध्ये जातो. हे सारे आजारी मेंदूचे भास असू शकतील, ही शक्यता मॅथसन मिटवत नाहीत. १९८० च्या ‘समव्हेअर इन टाइम’ या चित्रपटात ती शंका नाही आणि साल १९१२ आहे. त्यातल्या कालप्रवास समजावणाऱ्या प्राध्यापकाचे नाव फिनी ठेवून मॅथसन यांनी आपले ऋण मानले. चित्रीकरण झाले त्या मॅकिनॅक बेटावरच्या ग्रँड हॉटेलात चित्रपटाचे चाहते आजही दर ऑक्टोबरात जमतात.

जन्मांतराच्या वाटेवर त्याच दशकात आन्या सीटन यांची ‘ग्रीन डार्कनेस’ (१९७२) आली. १९६८ मधले एक इंग्रज जोडपे मनोविकाराच्या काठावर आहे आणि त्याचे मूळ ट्यूडर काळातल्या एका मठवासी आणि तरुणीच्या प्रेमात आहे. तिथपर्यंत नेणारा वैद्य आहे हिंदू, डॉ. आकानंद. कर्मविचार पश्चिमेच्या कादंबरीत किती उघडपणे येऊन बसला, याचा हा पुरावा. याच्या मागे आणखी एक पुस्तक होते: मोरी बर्नस्टाइन यांचे १९५६ चे ‘द सर्च फॉर ब्रायडी मर्फी’. संमोहनाखाली एका अमेरिकन गृहिणीने आपला आयरिश पूर्वजन्म सांगितल्याची ती हकिगत अमेरिकाभर गाजली. बार्बरा अर्स्किन यांची ‘लेडी ऑफ हे’ (१९८६) संमोहनाच्याच दारातून मध्ययुगीन वेल्समध्ये शिरते. ज्यूड डेव्हरॉ यांनी ‘रिमेम्ब्रन्स’ (१९९४) मध्ये तर प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखिकेलाच आपल्या जुन्या जन्मांत पाठवले.

डेव्हरॉ यांची त्याआधीची ‘अ नाइट इन शायनिंग आर्मर’ (१९८९) या प्रकाराचे व्याकरण पक्के करणारी ठरली. इंग्लंडमधल्या एका चर्चमध्ये टाकून दिली गेलेली अमेरिकन तरुणी डगलस १५६४ मध्ये मेलेल्या सरदाराच्या समाधीवर रडते आणि तो समोर उभा राहतो. नंतर ती त्याच्या काळात जाते. शेवट कालप्रवासावर सोडलेला नाही. सरदार आपल्या शतकातच राहतो; डगलस परत येते आणि विमानात तिला भेटणाऱ्या माणसात ती त्याला ओळखते. पहिली वाट दुसऱ्या वाटेला मिळते ती इथे.

आणि मग १९९१ मध्ये ‘आउटलँडर’. डायना गॅबाल्डन या परिस्थितीविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या प्राध्यापिका होत्या. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेच्या एका जुन्या भागातला स्कॉटिश तरुण पाहून त्यांना ही कथा सुचली. दुसऱ्या महायुद्धातून नुकतीच सुटलेली परिचारिका क्लेअर स्कॉटलंडमधल्या उभ्या शिळांच्या वर्तुळातून १७४३ मध्ये पोहोचते. तिला ठाऊक आहे, की तीन वर्षांनी कलोडनच्या रणांगणावर हे सगळे डोंगराळ जग चिरडले जाणार. तिचे प्रेम त्या जाणिवेच्या सावलीत वाढते. गॅबाल्डन यांची सर्वांत तीक्ष्ण खेळी वेगळीच आहे. या प्रकारात चेहऱ्याचे साम्य म्हणजे एकाच आत्म्याची खूण, हे वाचकाने गृहीत धरलेले असते. इथे क्लेअरच्या विसाव्या शतकातल्या सभ्य नवऱ्याचा चेहरा अठराव्या शतकात एका क्रूर कॅप्टनला आहे, आणि तिचे मन जडते ते तिसऱ्याच माणसावर. ओळख चेहऱ्यावरून करू नये, हे ती पानोपानी शिकते.

ऑड्री निफेनेगर यांनी ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ (२००३) मध्ये कालप्रवासाला आजार केले. शिकागोच्या ग्रंथालयात काम करणारा हेन्री जनुकीय दोषामुळे अचानक, कपड्यांविना, दुसऱ्या काळात फेकला जातो. क्लेअर नावाचीच त्याची बायको मागे उरते. भटकणारा तो आणि थांबणारी ती, ही महाश्वेतेच्या सरोवराकाठची मांडणी शिकागोत जशीच्या तशी भेटते. पण इथे थांबणारीला स्वतःचा आवाज आहे, स्वतःची प्रकरणे आहेत, आणि ती चिडतेही. सुझाना कियर्सली यांच्या ‘द विंटर सी’ (२००८) मध्ये स्मृतीचा वारसा रक्तातून येतो. स्लेन्सच्या पडक्या किल्ल्याजवळ राहून १७०८ विषयी लिहिणाऱ्या लेखिकेला कळते, की आपण रचतो आहोत ते आपल्या पूर्वजेला आठवते आहे.

या सगळ्या परंपरेला आतून आव्हान देणारे पुस्तक मात्र प्रेमकादंबरी म्हणून लिहिलेले नाही. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’ (१९७९) मधली डेना ही १९७६ च्या कॅलिफोर्नियातली कृष्णवर्णीय लेखिका. ती पुन्हापुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते, कारण तिथल्या गोऱ्या मालकाचा मुलगा तिचा पूर्वज आहे. तो जगला नाही तर ती जन्मणारच नाही. आणि तो जगायचा म्हणजे एका गुलाम स्त्रीवरचा अत्याचार घडू द्यायचा. तिचा गोरा नवराही एकदा तिच्याबरोबर जातो. त्याला तो भूतकाळ त्रासाचा वाटतो, पण सोसता येतो. तिला तिथे माणूसही मानले जात नाही. भूतकाळ सगळ्यांसाठी सारखा रम्य नसतो, हे ज्याला समजले त्याला किल्ले आणि सरदारांच्या कादंबऱ्याही अधिक खोलात वाचता येतात.

महाराष्ट्रात हा मुद्दा परका नाही. पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून कोणाचा जन्म, कोणाचे वैधव्य, कोणाचा विटाळ ठरवला गेला, हे इथे ठाऊक आहे. चोखामेळ्यांच्या अभंगांत आपल्या जन्माला पूर्वकर्माशी जोडणारा सूर आहे. त्यांचाच मुलगा कर्ममेळा देवाला जाब विचारतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) मध्ये, मागच्या जन्मीचे कर्म आजची दैना ठरवते या मताची कठोर चिकित्सा केली. जो विचार दोन जिवांना जन्मोजन्मी जोडतो, तोच विचार माणसाला त्याच्या पायरीवर जखडूनही ठेवतो. या संग्रहातले लेख हे दोन्ही बरोबर घेऊन वाचतात.

मराठी वाचकाला पूर्वजन्मीची प्रेमकथा आधी भेटली ती बहुधा पडद्यावर. मुंबईच्या बॉम्बे टॉकीजने काढलेला, कमाल अमरोहींचा ‘महल’ (१९४९) पुनर्जन्माचे धुके उभे करतो आणि शेवटी ते विरवून टाकतो. तिथे पूर्वजन्म हा जिवंत बाईने रचलेला बनाव ठरतो. ऋत्विक घटकांनी लिहिलेला, बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ (१९५८) मात्र पूर्वजन्म पूर्ण विश्वासाने मांडतो आणि त्यात जमीनदाराच्या जुलमाचा हिशेबही मागतो. ‘मिलन’, ‘नीलकमल’, ‘मेहबूबा’, ‘कुदरत’ ते ‘ओम शांती ओम’ अशी ही रांग पुढे येते. मराठीत कालप्रवासाची ओढ इतिहासाच्या अंगाने अधिक गेली. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मधला इतिहासाचा प्राध्यापक अशा जगात पोहोचतो, जिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. तिथे प्रेयसी नाही, पण हरवलेले परत मिळावे ही ओढ तीच आहे.

हा विषय आत्ताच का? एक कारण म्हणजे वाचक आणि प्रेक्षक कधी नव्हे इतके या कथांपाशी आले आहेत. ‘आउटलँडर’ २०१४ पासून मालिका झाली. चीनमध्ये तोंग ह्वा यांच्या ‘बू बू जिंग शिन’ या कादंबरीतली आजची नोकरदार तरुणी कांगशी सम्राटाच्या दरबारात एका मुलीच्या देहात जागी होते. कोणता राजपुत्र पुढे सम्राट होणार हे तिला ठाऊक असते आणि त्या ज्ञानानेच तिचे प्रेम नासते. २०११ मध्ये त्यावर मालिका आली आणि २०१६ मध्ये कोरियात तिचे रूपांतर झाले. २०११ मध्येच चीनच्या प्रसारण नियामकांनी कालप्रवासाच्या मालिका इतिहासाशी थिल्लरपणे वागतात म्हणून नापसंती जाहीर केली. प्रेमकथेतला भूतकाळ हा सत्तेच्याही काळजीचा विषय होतो, तो असा.

दुसरे कारण अधिक घरगुती आहे. ‘माझा ठरलेला जोडीदार कुठेतरी आहे’ ही कल्पना आता लग्नाच्या अपेक्षांत उतरली आहे. मानसशास्त्रज्ञ सी. रेमंड नी यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दोन प्रकारच्या धारणा वेगळ्या केल्या: नाते नशिबाने जुळते असे मानणारी आणि नाते मेहनतीने वाढते असे मानणारी. पहिली धारणा घट्ट असलेली माणसे सुरुवातीलाच असमाधान वाटले तर नाते लवकर सोडताना दिसली. पूर्वजन्मात नेऊन आणणाऱ्या संमोहनाची आज बाजारपेठही आहे. ब्रायन वाइस यांच्या ‘मेनी लाइव्ह्ज, मेनी मास्टर्स’ने (१९८८) तिला बळ दिले. संमोहनाने आठवणींवरचा विश्वास वाढतो, पण त्यांचा खरेपणा वाढतोच असे नाही, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. नागपूरच्या एका मराठी महिलेत प्रकट झालेल्या ‘शारदा’ या बंगाली बोलणाऱ्या व्यक्तित्वाचा अभ्यास व्हर्जिनिया विद्यापीठाच्या इयन स्टीव्हन्सन यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात मांडला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. कादंबरी पुरावा देत नाही आणि तिने देऊही नये. मात्र असा विश्वास माणसाचे काय करतो, हे ती फार नीट दाखवू शकते.

हे पुस्तक पुनर्जन्म खरा की खोटा याचा निवाडा करत नाही. कोणत्या कादंबऱ्या उच्च आणि कोणत्या हलक्या, अशी उतरंडही लावत नाही. त्याचा प्रयत्न तीन गोष्टींचा आहे. पहिली, ‘तरंगवती’ आणि ‘कादंबरी’ यांना ‘आउटलँडर’ आणि ‘किंड्रेड’ यांच्या शेजारी बसवून वाचणे, म्हणजे एकीचे बळ आणि दुसरीची उणीव दोन्ही उघडी पडतील. दुसरी, प्रत्येक कथेत स्मृतीचे ओझे कोणावर टाकले आहे हे शोधणे. ते बहुतेक वेळा स्त्रीवर असते; नव्या लेखिका ते कसे वाटून देतात हेही पाहणे. तिसरी, संमतीचा प्रश्न सोडून न देणे. ‘तू जन्मोजन्मीची माझी आहेस’ हे वाक्य ऐकणाऱ्या व्यक्तीला काहीच आठवत नसेल, तर ते प्रेम की दडपण? महाश्वेतेचा शाप आणि ‘द ममी’तल्या राजकन्येचा नकार ही या प्रश्नाची दोन जुनी, ठाम उत्तरे आहेत, आणि आजच्या अनेक कादंबऱ्या त्यांच्याइतक्या धीट नाहीत.

वाचकाला एक विनंती. या संग्रहातला लेख उघडण्यापूर्वी शक्य असेल तिथे मूळ कादंबरी वाचावी, आणि ती मनापासून, रमून वाचावी. रमल्याशिवाय हे दोन प्रश्न नीट विचारता येत नाहीत. जिथे लेखाचे म्हणणे पटणार नाही तिथे आपले म्हणणे लिहून काढावे. या कथांवर मराठीत लिहायचे अजून पुष्कळ शिल्लक आहे आणि ते काम वाचकांनीच पुढे न्यायचे आहे.